किनाऱ्यावर नर्तिकेचे फोटो काढताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक समुद्रावर पोचायच्या आधीच झालेली असते: फोटो काढणाऱ्याने तिचा नाच पाहिलेलाच नसतो. मग ‘हात वर कर, मान वळव’ सुरू होतं आणि फोटोत नाच येतच नाही, पोझ येते. १९४० साली अमेरिकन छायाचित्रकार बार्बरा मॉर्गन यांनी आधुनिक नर्तकी मार्था ग्रॅहॅमच्या घेरदार स्कर्टची कमान टिपली, ती आधी तिचं काम बघून, नेमका क्षण मनात पक्का करून.

आपल्याकडे तर तो क्षण मोजता येतो. कथक असेल तर तिला तिहाई (तीनदा म्हणून समेवर संपणारे बोल) म्हणायला सांगा, स्वतः हातावर ताल धरा आणि समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, किंचित आधी बटण दाबा. सम दिसल्यावर दाबलंत तर खांदे सैल पडलेले असतात, बोटं मिटायला लागलेली असतात. मी बरेच दिवस बर्स्टच्या, म्हणजे एका दमात धडाधड फोटो काढण्याच्या, भरवशावर होतो. ढीगभर फोटो यायचे, सम एकातही नसायची.

भरतनाट्यमची अरमंडी (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसणं) उभ्याने टिपू नका, बुटकी दिसते. वाळूत गुडघा टेका, कॅमेरा तिच्या कमरेच्या पातळीला आणा. वाइड लेन्स घेऊन अंगावर गेलात तर कडेचा हात विचित्र ताणला जातो. मागे सरका, ८५ एमएमची लेन्स लावा. आलता लावलेली बोटं फ्रेमबाहेर गेली तर मुद्रा मोडलीच.

आता भरती-ओहोटी. कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे ऐन सूर्यास्ताला पुळण पाण्याखाली. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आसपास, त्यामुळे संध्याकाळी ओहोटी. दापोलीजवळच्या मुरुड-कर्द्याच्या सपाट पुळणीवर तेव्हा ओली वाळू आरशासारखी चमकते आणि गिरकीखाली दुसरी गिरकी उमटते.

सूर्य तिच्या पाठीशी ठेवून छायाकृती काढताना हात धडापासून सुटे हवेत, नाहीतर काळा ठोकळा उरतो. पाठीची कमान हवी असेल तर सूर्य बुडाल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि तिला आकाशाच्या उजेडाला तिरकी उभी करा. मणक्याची ती बारीक सावली समोरून मारलेल्या फ्लॅशने पुसली जाते.

खडपावर अनवाणी नाचवू नका. तिथे कालवं चिकटलेली असतात, कडा पात्यासारख्या. एकदा माझ्या आग्रहाखातर एक मुलगी चढली आणि टाच चिरली. तिने घुंगरू सोडले, रुमाल बांधला, पुढे महिनाभर तिचा रियाज बंद. ती चूक माझी होती.

आणि पाण्यात उतरायचं का, हे तिला घरून निघण्याआधी विचारा. ओलं लुगडं अंगाला चिकटतं. त्या फोटोंना तिची तयारी आहे का, ते कुठे लागणार, हे तिला आधी कळलं पाहिजे. कपडे बदलायला जवळचं घर बघून ठेवा, बघ्यांना लांब ठेवा. अंधार पडायच्या आत फोटो तिला तिथेच दाखवा आणि ‘हा नको’ म्हणाली तर तिच्यासमोरच पुसा.