तपासनिसाच्या हाती लेखणी नको : क्लॉड कोडमध्ये भूमिका कशा आखाव्यात

इंदूरमधील एका मराठी मंडळासाठी वर्गणीचा प्रोग्रॅम क्लॉड कोड या, कोड लिहून देणाऱ्या एआय सहायकाच्या मदतीने लिहिताना नावाच्या रकान्याने ‘काळे’ हे आडनाव नाकारले, कारण चालणाऱ्या अक्षरांची यादी हिंदी वर्णमालेवरून केलेली होती आणि तिच्यात ‘ळ’ नव्हता. चाचण्या मात्र सगळ्या उत्तीर्ण होत्या; ज्याने यादी केली, त्यानेच त्या लिहिल्या होत्या. ज्या शहरात काळ्यांचे कागदोपत्री सर्रास ‘काले’ होतात, तेथे ही चूक खरे तर आमच्याच लक्षात यायला हवी होती. तेव्हापासून लिहिणारा आणि तपासणारा या भूमिका आम्ही वेगळ्या ठेवतो.

भूमिका म्हणजे ठरावीक काम सोपवता येणारा उपसहायक (सबएजंट); त्याची व्याख्या ही एक साधी मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुराची, फाइल असते. प्रकल्पात ‘डॉट क्लॉड’ या फोल्डरच्या आत ‘एजंट्स’ हा फोल्डर करून ती तेथे ठेवावी. हीच रचना स्वतःच्या होम फोल्डरमध्ये केल्यास ती भूमिका सर्व प्रकल्पांत वापरता येते. फाइलच्या आरंभी, तीन-तीन आडव्या रेघांच्या दोन ओळींमध्ये, ‘नेम’ आणि ‘डिस्क्रिप्शन’ द्यावे लागते. वर्णनात भूमिकेची स्तुती करू नये. काम कोणाकडे सोपवायचे हे मुख्य सहायक, म्हणजे आपण ज्याच्याशी बोलतो तो क्लॉड, त्यावरूनच ठरवतो, म्हणून ‘नाव किंवा रक्कम हाताळणारा कोड बदलल्यावर बोलवावे’ असे प्रसंग सांगणारे वाक्य लिहावे.

खरा निर्णय ‘टूल्स’ या ओळीत होतो. ती लिहिलीच नाही, तर मुख्य सहायकाची सर्व साधने नव्या भूमिकेलाही मिळतात आणि तपासनीस चूक दाखवण्याऐवजी ती परस्पर दुरुस्त करू लागतो. हिशेब फडणिसाकडे आणि रोकड पोतनिसाकडे, ही जुनी वाटणी येथेही उपयोगी पडते. तपासनिसाला ‘रीड’ (फाइल वाचणे), ‘ग्रेप’ (मजकूर शोधणे) आणि ‘ग्लोब’ (नावावरून फाइली शोधणे) एवढेच द्यावे. फाइल बदलणारी ‘एडिट’ आणि ‘राइट’ काढून शेलमध्ये, म्हणजे थेट संगणकाला, आज्ञा देणारे ‘बॅश’ ठेवले तर काहीच साधत नाही, कारण शेलमधूनही फाइल लिहिता येते. चाचण्या चालवण्याचे काम आम्ही म्हणूनच मुख्य सहायकाकडे ठेवले.

त्याखाली सूचना लिहाव्यात. या भूमिकेने आपले आधीचे संभाषण ऐकलेले नसते, त्यामुळे गृहीत काहीच धरू नये. आमच्या सूचनांत रक्कम पैशांमध्ये, पूर्णांकात साठवण्याची अट आहे, कारण संगणकाच्या नेहमीच्या द्विमान अपूर्णांक-गणितात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. छापताना मात्र १,२५,००० अशी मांडणी हवी आणि हिशेबाचे वर्ष १ एप्रिलपासून धरावे.

फाइल हाताने तयार केली असल्यास सत्र पुन्हा सुरू करावे आणि यादीतून ‘ळ’ मुद्दाम काढून तपासनिसाला बोलवावे. आमच्या पहिल्या मसुद्यात ‘नावे नीट तपासावीत’ एवढेच लिहिलेले होते, तेव्हा त्याने सर्व ठीक असल्याचे कळवले. ‘काळे’ आणि ‘ऱ्हाळकर’ ही आडनावे सूचनेत जशीच्या तशी घातल्यावर त्याने ओळीच्या क्रमांकासह चूक दाखवली.