नवा प्रोटोकॉल रुग्णवाहिकेतल्या हातांपर्यंत कसा पोचवावा

व्हॉट्सअ‍ॅप गटावर नव्या प्रोटोकॉलची, म्हणजे ठरवून दिलेल्या उपचारपद्धतीची, पीडीएफ टाकली, खाली सगळ्यांचे अंगठे आले, म्हणजे प्रशिक्षण झाले असे नव्हे. नवे शिकवणे त्या मानाने सोपे. बसलेली सवय मोडणे अवघड. सीपीआरचेच (हृदय थांबल्यावर छाती दाबण्याचे) घ्या. २०१० मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने छातीवरच्या दाबांचा वेग मिनिटाला किमान १०० आणि खोली किमान ५ सेंमी सांगितली. २०१५ मध्ये त्यावर १२० आणि ६ सेंमी अशी वरची मर्यादा आली. पण 'जितके जोरात तितके बरे' असा ज्याचा हात बसला, तो १४० च्या वेगाने दाबतच राहतो. मग खोली कमी पडते.

आधी एका कागदावर तीन रकाने आखा: पूर्वी काय, आता काय, आणि का. एका कागदावर एकच बदल. 'का' गाळलात तर घाईच्या वेळी माणूस जुन्यावर जातो. लागू होण्याची तारीख आणि वेळ ठळक लिहा. औषध किंवा साहित्य बदलणार असेल तर ते प्रत्येक गाडीत पोचल्यावरच तारीख ठरवा, आणि त्या दिवशी जुना तक्ता गाडीतून काढून घ्या.

सराव पाळी बदलताना, गाडीपाशीच, १५ मिनिटे. मॅनिकिन (सरावाचा पुतळा), मोबाइलवर मिनिटाला ११० ला लावलेला मेट्रोनोम (ठेका देणारे अ‍ॅप), दर २ मिनिटांनी दाबणारा बदलायचा. दाबांमधला खंड १० सेकंदांच्या आत. शिकवणाऱ्याने मध्ये बोलू नये, फक्त यादीवर खुणा कराव्यात. १०८ च्या गाडीत डॉक्टरच्या जोडीला पायलट असतो (चालकाला तिथे पायलटच म्हणतात), तेव्हा त्याला वगळून केलेला सराव अर्धाच.

प्रसंग आपल्या भागातले घ्या. उदाहरणार्थ सर्पदंश, आणि नातेवाइकांनी पायाला दोरी आवळलेली. 'दोरी बांधू नये' हे सगळ्यांना पाठ असते. बांधलेली दिसली की झटकन कापायला जातात. तिथेच चुकते: दोरी एकदम सुटली की अडलेले विष झपाट्याने पसरू शकते. आधी दोरीखालची नाडी पाहा; श्वास अचानक बिघडला तर बॅग-मास्क (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हाताशी हवा.

३० आणि ९० दिवसांनी न सांगता सराव पुन्हा पाहा, शिवाय दर पाळीच्या दहा रुग्णनोंदी तपासा. निम्म्या लोकांची एकच चूक निघाली तर कागद पुन्हा लिहा. नावांची यादी पाळीवार ठेवा: रजेवरचे, रात्रपाळीचे आणि बदली कर्मचारी हमखास सुटतात. सराव झाल्याची खूण नसलेल्याला पाळी सुरू होण्याआधी पंधरा मिनिटे बोलवा.