थिऑसॉफिकल सोसायटीत यायचंय? आधी नुसतं येऊन बसा

सभासदत्वाचा अर्ज मागायला कुणी आलं, की मी तो लगेच हातात ठेवत नाही. हट्टच धरला तर देते. पण आधी सांगून बघते, की काही आठवडे नुसतं येऊन बसा. व्याख्यानं सगळ्यांना खुली असतात. आमच्याकडे अभ्यासवर्गालाही सभासद नसलेली माणसं बसतात आणि ग्रंथालयात बसून वाचायला कुणी हटकत नाही. मग घाई कशाला? घाई असणाऱ्यांना बहुतेक वेळा तीनपैकी एक गोष्ट हवी असते: ध्यानाची दीक्षा, मेल्यानंतर काय होतं याचं पक्कं उत्तर, नाहीतर गुरू. सोसायटीची शाखा यातलं काहीच देत नाही. हे सही करण्याआधी कळलेलं बरं, नाहीतर वर्षभराने माणूस हिरमुसून निघून जातो आणि वर्गणीच्या वहीत त्याच्या नावापुढे लाल शाईची फुली मला मारावी लागते.

एका शाखेचं, म्हणजे आमच्या बोलीत लॉजचं, चिटणीसपद बरीच वर्षं सांभाळते आहे. त्यामुळे इथे तत्त्वज्ञानापेक्षा व्यवहाराचंच जास्त सापडेल.

सही कशावर करता?

सोसायटीची स्थापना १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये झाली. हेलेना ब्लाव्हाट्स्की, कर्नल हेन्री ऑल्कॉट आणि विल्यम जज ही त्यातली प्रमुख मंडळी. १८७९ मध्ये पहिली दोघं मुंबईत उतरली आणि १८८२ मध्ये मुख्यालय चेन्नईजवळच्या अड्यारला गेलं. ते अजून तिथेच आहे. अर्जावर तुम्ही तीन उद्दिष्टांशी सहानुभूती असल्याचं कबूल करता. वंश, पंथ, लिंग, जात, वर्ण असा भेद न मानता मानवजातीच्या विश्वबंधुत्वाचं एक केंद्र तयार करणं, हे पहिलं. धर्म, तत्त्वज्ञान आणि विज्ञान यांच्या तुलनात्मक अभ्यासाला उत्तेजन देणं, हे दुसरं. निसर्गाचे अजून न उकललेले नियम आणि माणसातल्या सुप्त शक्ती यांचा शोध घेणं, हे तिसरं.

नवी माणसं तिसऱ्या उद्दिष्टाकडे बघून येतात. दुसऱ्यामुळे रमतात. पहिल्यावर अडतात, आणि खरी अट तेवढीच आहे. बंधुत्व भाषणात सोपं असतं. दर आठवड्याला तेच तेच ऐकवणाऱ्या, खिडकी उघडण्यावरून वाद घालणाऱ्या आणि तुमच्या राजकारणाच्या अगदी उलट मत असणाऱ्या माणसाशेजारी दीड तास बसायचं म्हटलं, की ते अवघड होतं. ही माणसं तुम्ही निवडलेली नसतात, त्यांनीही तुम्हाला निवडलेलं नसतं. जमतंय का ते आधी बसून बघा, असं मी म्हणते ते यासाठी.

कर्म, पुनर्जन्म, महात्मे (म्हणजे सोसायटीच्या मागे असल्याचं मानलेले सिद्धपुरुष) या गोष्टी मानल्याच पाहिजेत अशी अट नाही. सोसायटीच्या जनरल कौन्सिलने १९२४ मध्ये विचारस्वातंत्र्याचा ठरावच केला आहे. कुठलाही सिद्धांत, मग तो कुणीही मांडलेला असो, सभासदाला बंधनकारक नाही, आणि ब्लाव्हाट्स्कींपासून कुणाचाही शब्द अखेरचा नाही. तुमचा धर्म तुमच्याजवळ राहतो. नास्तिक सभासदही असतात, आणि माझ्या अनुभवात ते वर्गाला वेळेवर येतात.

अर्जाची बाकी प्रक्रिया किरकोळ आहे. बऱ्याच ठिकाणी जुन्या सभासदांची शिफारस लागते, म्हणजे तेवढ्यापुरती तरी ओळख झालेली हवी. वार्षिक वर्गणी भरायची. मंजुरी आली की डिप्लोमा म्हणतात ते प्रमाणपत्र मिळतं. जवळपास शाखा नसेल तर थेट राष्ट्रीय विभागाशी जोडलेलं सभासदत्वही घेता येतं. आणि गावात सात जण तयार असतील तर शाखेच्या सनदेसाठी अर्ज करता येतो. सात नावं जमतात हो, सात माणसं दर आठवड्याला जमत नाहीत. तेव्हा सनदेच्या मागे लागण्याआधी अभ्यासमंडळ म्हणून वर्षभर चालवून बघा.

नातेवाइकांच्या आधी तुम्हीच वाचा

सभासद झालात की घरातलं कुणीतरी मोबाइलवर शोधून विचारणारच, 'अगं, ती बाई तर फसवी होती ना?' तेव्हा गोरंमोरं होण्यापेक्षा वादग्रस्त इतिहास आधीच माहीत असू द्या. १८८५ मध्ये अतींद्रिय घटनांचा तपास करणाऱ्या लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चने रिचर्ड हॉजसन यांच्या तपासाच्या आधारे ब्लाव्हाट्स्कींना लबाड ठरवलं. शंभर वर्षांनी, १९८६ मध्ये, त्याच संस्थेच्या नियतकालिकात व्हर्नन हॅरिसन यांनी त्या अहवालाची पद्धत चुकीची असल्याचं सविस्तर लिहिलं. दोन्ही बाजू वाचा. मत तुमचं तुम्ही बनवा, नाहीतर बनवू नका.

१८९५ मध्ये जज यांच्याबरोबर अमेरिकेतल्या बहुतेक शाखा फुटून निघाल्या. १९२९ मध्ये तर ज्या तरुणाला जगद्गुरू म्हणून पुढे आणलं, त्या जे. कृष्णमूर्तींनीच आपल्याभोवती उभारलेला 'ऑर्डर ऑफ द स्टार' हा संघ हॉलंडमधल्या ओम्मेनच्या मेळाव्यात विसर्जित केला. अॅनी बेझंट तेव्हा सोसायटीच्या अध्यक्ष होत्या, आणि त्यांच्यासमोर हे घडलं. त्यानंतर पुष्कळ सभासद सोडून गेले, पण पुष्कळ राहिलेही. मला विचाराल तर नव्या सभासदाने सगळ्यात आधी हाच भाग समजून घ्यावा. कुणाला तरी देव्हाऱ्यात बसवायची ओढ आपल्यातही असते, आणि एवढ्या मोठ्या संस्थेला ती कुठे घेऊन गेली ते इथे स्पष्ट दिसतं.

वाचन, आणि त्याहून महत्त्वाचा वर्ग

ग्रंथालयात शिरलेला उत्साही माणूस थेट ब्लाव्हाट्स्कींचा 'द सीक्रेट डॉक्ट्रिन' उचलतो. १८८८ चा दोन जाडजूड खंडांचा ग्रंथ. दहाव्या पानावर धाप लागते, आणि पुढच्या आठवड्यात ग्रंथ गुपचूप परत येतो. तो पहिल्या पानापासून सरळ वाचत सुटू नये, असं खुद्द लेखिकेचं म्हणणं होतं. १८९१ मध्ये रॉबर्ट बोवेन या विद्यार्थ्याने त्यांच्या बोलण्याच्या नोंदी ठेवल्या. त्यानुसार वाचताना चार गोष्टी मनात घट्ट धरायच्या: सगळं अस्तित्व मुळात एक आहे, निर्जीव द्रव्य असं काही नाही, माणूस हे विश्वाचं लहान रूप आहे, आणि जसं वर तसं खाली. मग कुठलंही पान घ्या आणि या चारांपैकी कशाशी त्याचा संबंध लागतो ते बघा. वाचून बनलेलं चित्र शेवटचं समजायचं नाही, ते पुढे मोडणारच, असंही त्या नोंदींत आहे. सुरुवात मात्र प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलेल्या लहान पुस्तकानेच करा. ग्रंथपालांना विचारलं की काढून देतात.

घरी कितीही वाचलं तरी वर्ग तो वर्ग. लंडनच्या ब्लाव्हाट्स्की लॉजमध्ये १८८९ साली गुरुवारी संध्याकाळी मंडळी जमायची, आधी तयार करून आणलेले प्रश्न विचारायची आणि लघुलेखक ते टिपून घ्यायचा. ते छापलेलं वाचलं की लक्षात येतं, माणसं बाईंना चांगली अडवत होती. आमचा वर्ग त्याच धर्तीवर चालावा असा माझा आग्रह असतो. चालतोच असं नाही.

खुर्च्या गोलात मांडायच्या. रांगेत मांडल्या की पुढे कुणीतरी आपोआप वक्ता होतो. एक परिच्छेद एकाने मोठ्याने वाचायचा. लगेच बोलायचं नाही, प्रत्येकाने तो मनात पुन्हा वाचायचा. मग न कळलेला शब्द किंवा वाक्य आधी विचारायचं. मतं त्यानंतर. तासाभरात एक परिच्छेद झाला तरी चालतं. पानं उरकायची नाहीत.

बोलताना आमच्याकडे एक नियम आहे, तो सगळीकडे लावण्यासारखा आहे. आपण बोलतोय ते तीनपैकी काय, ते आधी सांगायचं: 'इथे पुस्तकात असं आहे', 'मला असं वाटतं' किंवा 'मला असा अनुभव आला'. मध्यंतरी कर्मावरचा उतारा चालू होता. नुकत्याच येऊ लागलेल्या एका मुलीने विचारलं, "म्हणजे जन्मतःच दिसत नसलेल्या बाळाने मागच्या जन्मी पाप केलं होतं का?" एक ज्येष्ठ सभासद सरसावून बसले आणि तिला मागचे जन्म समजावून सांगू लागले. वर्ग चालवणाऱ्या ताईंनी त्यांना मध्येच थांबवलं. "काका, हे या उताऱ्यात आहे की तुमचं मत आहे?" काकांनी चष्मा लावला, उतारा शोधला, बोट ओळीवरून फिरवलं. "उताऱ्यात नाही. माझं मत." "बरं. मग आता दुसऱ्या कुणाचं वेगळं मत आहे का?" होतं. त्या तासाला तिच्या प्रश्नाचं उत्तर ठरलं नाही, पण ती पुढच्या आठवड्याला आली. काकांचं भाषण पुरं झालं असतं, तर बहुधा आली नसती.

नव्या माणसाने 'मला कळलं नाही' हे बिनदिक्कत म्हणावं. जुन्यांना ते म्हणणं जड जातं, त्यामुळे तुमच्या तोंडून निघालं की निम्म्या वर्गाची सुटका होते. आणि स्वतःचे गूढ अनुभव पहिल्याच दिवशी सांगू नका. खोटे ठरतील म्हणून नव्हे. त्यावर कुणालाच प्रश्न विचारता येत नाही, म्हणून.

कामं

बैठकीची सुरुवात बऱ्याच ठिकाणी निरनिराळ्या धर्मांच्या प्रार्थनांनी किंवा बेझंटबाईंच्या विश्वप्रार्थनेने होते. म्हणायची नसेल तर शांत उभं राहिलं तरी पुरे. वर्षातले ठरलेले दिवस आहेत: १७ फेब्रुवारी हा अड्यार दिन, ८ मे हा ब्लाव्हाट्स्कींचा स्मृतिदिन म्हणजे श्वेतकमल दिन आणि १७ नोव्हेंबर हा स्थापना दिन. डिसेंबरअखेरीला अड्यारचं अधिवेशन असतं. एकदा तरी जा. तिथलं ग्रंथालय ऑल्कॉटनी १८८६ मध्ये सुरू केलं, आणि 'स्कूल ऑफ विजडम'चे अभ्यासक्रम १९४९ पासून चालतात. अभ्यासाची गोडी लागली असेल तर भाषणांपेक्षा मी तेच सुचवेन.

माणूस शाखेत रुजतो तो मात्र कामामुळे. वर्षभर नुसतं ऐकणारा पाहुणाच राहतो, आणि पुस्तकांच्या नोंदवहीचं काम घेतलेला दोन महिन्यांत घरचा होतो. काम मागून घ्या आणि लहान घ्या: खुर्च्या, पत्रव्यवहार, आजारी सभासदाची विचारपूस. समाजकार्याची ओढ असेल तर बेझंट यांनी १९०८ मध्ये सुरू केलेली 'थिऑसॉफिकल ऑर्डर ऑफ सर्व्हिस' आहे, तिची शाखा जवळ आहे का विचारा. कार्यकारिणीवर पहिल्याच वर्षी जाऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. आग्रह होतोच, कारण आम्हाला माणसं मिळत नाहीत. पण हिशेब आणि जागेच्या कटकटी अंगावर पडल्या, की अभ्यास बाजूला राहतो आणि सात्त्विक मंडळी एकमेकांना कशी पत्रं लिहितात तेवढंच दिसतं.

वार्षिक सभेला मात्र जरूर बसा, जमाखर्च वाचा, प्रश्न विचारा. आध्यात्मिक संस्थेत पैशांचं विचारणं बरं दिसत नाही, असं कुणी सुचवलं तर दोनदा विचारा. आंतरराष्ट्रीय अध्यक्षसुद्धा सभासदांच्या मतांनी सात वर्षांसाठी निवडला जातो. मतपत्रिका आली की ती रद्दीत टाकू नका.

काही जण कधीतरी हळूच 'ई.एस.'बद्दल विचारतात. एसोटेरिक स्कूल, म्हणजे गूढ साधनेचा वेगळा गट, १८८८ पासून आहे, आणि तिचा कारभार सोसायटीपासून वेगळा आहे. शाकाहार, मद्यवर्जन, रोजचं ध्यान अशा अटी तिथे आहेत, साध्या सभासदाला त्या लागू नाहीत. ती वरची पायरी नव्हे. तिथे जाणाऱ्यांना जास्त कळतं असं समजून त्यांच्या मागे मागे फिरू नका. त्यांनाही ते आवडत नाही. निदान आवडू नये.

पद, वर्गणी, निवडणुका यांचाच कंटाळा असेल तर 'युनायटेड लॉज ऑफ थिऑसॉफिस्ट्स' हा वेगळा प्रवाह आहे. रॉबर्ट क्रॉस्बी यांनी तो १९०९ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू केला, आणि बी. पी. वाडियांमुळे १९२९ मध्ये मुंबईत आला. तिथे अध्यक्ष नाही, व्याख्यात्याचं नावही जाहीर करत नाहीत. आमच्या काही सभासदांना ते जास्त मानवलं, आणि ते अजूनही आमच्या ग्रंथालयात येतात.

गाव बदललं तर चिटणीसाकडून बदलीचं पत्र मागा, म्हणजे नव्या शाखेत पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. सोडायचं असेल तर दोन ओळी लिहून कळवा. कारण सांगायची गरज नाही, कुणी मनधरणीला घरी येत नाही आणि आलं तर ते चूक आहे. वर्गणी थकवून गप्प बसलात, तर सभासदत्व यथावकाश आपोआप संपतं, पण तोवर स्मरणपत्रं मला पाठवत बसावं लागतं. ग्रंथालयाची पुस्तकं तेवढी परत करा. जुने खंड आता छापत नाहीत.