गंगारामाच्या गावात चित्रकला शिकताना

"बारावी झाली, हात चांगला आहे, आता पुण्यात कुठे घालायचं?" दर उन्हाळ्यात असे फोन येतात. बार्शीहून, फलटणहून, जुन्नरहून. बहुतेक वेळा बोलत असतात आई नाहीतर शाळेतले चित्रकलेचे सर, आणि ज्याला शिकायचंय तो बाजूला गप्प उभा असतो. मी पुण्यातच शिकलो. पुस्तकांसाठी चित्रं काढणं हा माझा व्यवसाय आहे आणि त्याच्या जोडीला पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. फोनवर सांगून होत नाही ते सगळं इथे लिहितोय.

आधी एक गोंधळ दूर करू. विद्यापीठातलं ललित कला केंद्र हे संगीत, नृत्य आणि नाट्याचं आहे. नाव वाचून चित्रकलेसाठी तिथे चौकशीला जाणारी मुलं मी पाहिली आहेत. चित्रकलेसाठी पुण्यातलं जुनं आणि सगळ्यांच्या तोंडी असलेलं नाव म्हणजे भारतीय कला प्रसारिणी सभेचं अभिनव कला महाविद्यालय. टिळक रस्त्यावरचा चौक त्याच्याच नावाने ओळखला जातो. पाषाणलाही त्यांची जागा आहे. धनकवडीला भारती विद्यापीठाचं ललित कला महाविद्यालय आहे, आणि आता लोणी काळभोरच्या बाजूला खासगी विद्यापीठातही हे शिक्षण मिळतं. पुण्यात शासकीय कला महाविद्यालय मात्र नाही. ती मुंबईला, नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला. त्यामुळे प्रवेशाआधी तुकडी अनुदानित की विनाअनुदानित हे स्पष्ट विचारा. फीमधला फरक मोठा असतो आणि तो आई-वडिलांना ऑगस्टमध्ये कळू नये.

आता शिकवण्याकडे वळतो. पहिल्या वर्षाच्या मुलांची तक्रार ठरलेली असते. आम्ही चित्रकार व्हायला आलो आणि इथे मडकी, घडी पडलेलं कापड, घनाकृती आणि अक्षरं गिरवायला लावतात. तक्रार खोटी नाही. पण प्रत्येक विषयाला एक प्रश्न विचारून बघा: हे पहिल्यांदा कुणाला, कशासाठी हवं होतं? त्याचं उत्तर सापडलं की विषय अंगी लागतो. निदान मला तरी अभ्यासक्रम असाच उलगडला, आणि त्यासाठी पुण्यापासूनच सुरुवात करावी लागली.

सवाई माधवरावांच्या काळात पुणे दरबारी इंग्रजांचा वकील होता चार्ल्स मॅलेट. त्याला इथल्या लेण्यांची, माणसांची, दरबाराची चित्रं हवी होती, आणि ती मोजून-मापून, डोळ्यांना दिसतं तशी काढलेली. १७९० च्या दशकात त्याने जेम्स वेल्स नावाच्या स्कॉटिश चित्रकाराला पुण्यात आणलं आणि शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली. पाश्चात्त्य पद्धतीचं रेखाटन आपल्याकडे शिकवलं गेलं त्याची ही अगदी सुरुवातीची जागा. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं, म्हणजे त्यानंतर साठेक वर्षांनी आलेलं. या पुणेरी शाळेतलं आपल्याला ठाऊक असलेलं नाव म्हणजे गंगाराम चिंतामण तांबट. त्याने वेरूळच्या लेण्यांची चित्रं केली, पर्वतीच्या बाजूला असलेल्या पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला. त्याची रेखाटनं आज अमेरिकेत येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहेत आणि संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतात. जरूर बघा. लघुचित्रांच्या परंपरेत वाढलेली रेघ आणि नव्याने शिकलेली छायाप्रकाशाची भाषा एकाच कागदावर एकमेकींना सांभाळून घेताना दिसतात. ज्याला कुणी आधी वाट दाखवली नव्हती अशा माणसाने हे केलं, याचं मला आजही अपार कौतुक वाटतं.

शाळा फार टिकली नाही. १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले आणि त्याच वर्षी वेल्सही. वेल्सची वेरूळची चित्रं १८०३ मध्ये थॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकाराने विलायतेत छापून काढली. मॅलेट आणि पेशव्यांच्या दरबाराचं जे प्रचंड तैलचित्र आपण पुस्तकांतून बघतो, तेही डॅनियलने वेल्सच्या अभ्यासचित्रांवरून १८०५ मध्ये पुरं केलं. तो स्वतः त्या दरबारात हजर नव्हता. नेमकं रेखाटन कशासाठी लागतं ते यातून कळतं: जो तिथे नव्हता त्यालाही त्यावरून काम करता आलं पाहिजे. पहिल्या वर्षाच्या वस्तुचित्राचा सगळा आग्रह यातूनच आलेला आहे.

जे. जे. मध्ये गरज वेगळी होती. जमशेटजी जीजीभॉयांनी एक लाख रुपये दिले ते इथल्या कारागिरांना शिक्षण मिळावं, कारखानदारीला नक्षीकाम मिळावं म्हणून. संकल्पचित्र, म्हणजे नक्षी-आकारांची रचना, आणि भूमिती तिथून आली. पुढे तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्यातल्या पुष्कळशा १८८५ च्या लंडनच्या आगीत जळाल्या, पण त्या कामावर विद्यार्थ्यांची एक पिढी तयार झाली. आजही कला महाविद्यालयाची सहल अजिंठा-वेरूळला जाते ती याच परंपरेने. सहलीत मोबाइल बाजूला ठेवा आणि एकाच आकृतीसमोर बसून राहा. सगळी लेणी बघून होत नाहीत, आणि व्हायची गरजही नाही.

पुण्यात १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा छापखाना काढला. देवादिकांची, पेशव्यांची रंगीत शिळाछाप चित्रं तिथून घराघरांत गेली. तिथली गरज होती छापून चांगलं दिसण्याची. आज ज्याला उपयोजित कला, आपल्या बोलण्यात 'अप्लाइड', म्हणतात, तिची पुण्यातली मुळं मला इथे दिसतात. आणि अक्षरलेखन? कंटाळा येतो, कबूल. पण र. कृ. जोशींसारखा माणूस याच विषयात मुरला. विंडोजवर आपण वर्षानुवर्षं ज्या 'मंगल' अक्षरात मराठी वाचलं ते त्यांनी घडवलेलं आहे.

प्रवेशाचं थोडक्यात सांगतो. शाळेत असतानाच शासकीय रेखाकला परीक्षा द्या, आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात, पण ते दुय्यम. घड्याळ लावून बसायची सवय होते, हा खरा फायदा. बारावीनंतर, शाखा कुठलीही असो, बी. एफ. ए. म्हणजे ललित कलेच्या पदवीसाठी राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, असते. त्यात संकल्प, वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान असे भाग. तारखा आणि वेळा सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरून घ्या, कुणाच्या सांगण्यावरून नको. पदवी चार वर्षांची. पहिलं वर्ष सगळ्यांना समान, मग पेंटिंग, अप्लाइड अशा शाखा. शिक्षक व्हायचं असेल तर ए. टी. डी., म्हणजे कलाशिक्षक पदविका, हा वेगळा रस्ता आहे. तो कला संचालनालयाच्या अखत्यारीत येतो आणि त्याला कमी लेखू नका. तुमच्यातल्या बहुतेकांना पहिली पेन्सिल धरायला शिकवली ती ए. टी. डी. झालेल्या सरांनीच.

स्मरणचित्रात मुलं अडखळतात ती एका कारणाने: पाठ केलेलं चित्र काढतात. बसस्टँड म्हटलं की तीच लाल गाडी, तोच बोचकं घेतलेला म्हातारा. स्वारगेटला एक तास उभं राहून माणसं वाकतात कशी, ओझं कुठल्या खांद्यावर घेतात, लहान पोर आईच्या कुठल्या बाजूला लोंबकळतं, एवढं जरी टिपलंत तरी तुमचा कागद शेकड्यांत उठून दिसतो.

आता वर्गातली एक सिटिंग, म्हणजे एका बैठकीतलं काम, जवळून दाखवतो. मधोमध लाकडी चौरंगावर मांडणी: तांब्याची कळशी, दोन कांदे, एक निळी बाटली, मागे पिवळट चादर. भोवती डाँकीवर बसलेली मुलं. डाँकी म्हणजे घोड्यासारखं बसायचं बाक, पुढे बोर्ड टेकवायला आडवी पट्टी. पहिली पाच मिनिटं कागदाला हात लावायचा नाही. हात पूर्ण सरळ ताणून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्यायचं: कळशीच्या उंचीत तिची रुंदी किती वेळा बसते? कोपर जरा वाकलं की माप चुकलं. मग कळशीचं तोंड. ते लंबगोल दिसतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण बूड सरळ रेघेने काढणारे वर्गात निम्मे तरी निघतात, कारण कळशी जमिनीवर सपाट टेकते हे डोक्याला ठाऊक असतं. डोळा सांगतो ते वेगळंच: वस्तू नजरेच्या पातळीखाली असेल तर बुडाची गोलाई तोंडापेक्षा जास्त भरलेली दिसते. मी खोडत नाही. फक्त मुलाच्या जागेवर बसतो आणि त्याला उभं करून बघायला लावतो. उभा राहिला की तोंड जास्त उघडतं, बसला की मिटतं. हे एकदा कळलं की पुढे माणसाची मान, मनगट, सदऱ्याची बाही, सगळीकडे तोच लंबगोल सापडत जातो.

पुढच्या वर्षांत माणूस समोर बसतो. मॉडेल म्हणून येणारी मंडळी बहुधा पेठांमधली वयस्कर असतात. विश्रांतीनंतर ते त्याच जागी बसावेत म्हणून जमिनीवर त्यांच्या पावलांभोवती खडूने खूण करतात. ही खूण करायचं काम स्वतःहून घ्या. आणि त्यांना पाणी विचारा, नाव विचारा. वीस-वीस मिनिटं न हलता बसणं किती कष्टाचं आहे हे स्वतः बसून बघितल्याशिवाय समजत नाही. ज्या माणसाविषयी आदर नाही त्याचं चित्र चांगलं उतरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

वर्गाबाहेरचं पुणे ही दुसरी शाळा. बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, दौती, कुलपं, वाद्यं आहेत. दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेला हा संग्रह १९६२ मध्ये शासनाला दिला आणि नाव मुलाचं ठेवलं. वस्तुचित्रासाठी यापेक्षा श्रीमंत जागा मला माहीत नाही. एका भेटीत एकच दालन करा. पाताळेश्वरात खडकावरचा मंद उजेड, मंडईत दुपारी उतरतं ऊन, कसब्यात तांबट आळीत ठोक्यांनी उठणारी भांड्यांची चमक. बालगंधर्व कलादालन आणि घोले रस्त्यावरचं राजा रविवर्मा कलादालन इथे प्रदर्शनं चालू असतात. प्रवेशाला पैसे नाहीत आणि चित्रकार स्वतः खुर्चीवर बसलेला असतो. त्याला विचारा, तो सांगतो. सवड मिळाली तर साताऱ्याकडचं औंध गाठा. तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि १९३८ मध्ये त्यांनी उभं केलेलं श्री भवानी संग्रहालय आजही विद्यार्थ्यांची पंढरी आहे.

साहित्यावर एक शब्द. पहिल्या दिवशी अप्पा बळवंत चौकात जाऊन महागडा संच उचलू नका. २बी, ४बी, ६बीच्या पेन्सिली, खोडरबर, कार्ट्रिज कागद, साधा बोर्ड आणि पोस्टर रंगांच्या मोजक्या बाटल्या पुरतात. ब्रश मात्र चांगले घ्या आणि धुऊन, टोक वर करून ठेवा. वरच्या वर्गातली मुलं जाताना बोर्ड, ईझल विकतात. जूनमध्ये सूचनाफलकाजवळ चौकशी करा.

आणि पोटापाण्याचं काय, हा आईचा खरा प्रश्न असतो. पुण्यात बालभारती १९६७ पासून आहे आणि पाठ्यपुस्तकांना चित्रं लागतात. प्रकाशक आहेत, दिवाळी अंक आहेत, ॲनिमेशनचे स्टुडिओ आहेत, सॉफ्टवेअर कंपन्यांत स्क्रीनची मांडणी करणारी माणसं लागतात. गणेशोत्सवाचे देखावे हे तर इथलं मोठं क्षेत्र, डी. एस. खटावकरांसारख्या शिल्पकाराने तुळशीबाग गणपतीच्या सजावटीला जी उंची दिली ती पुणेकर विसरलेले नाहीत. संगणकाने चित्रं तयार करून मिळू लागल्यापासून साधी भराव्याची कामं कमी झाली आहेत, हे मी लपवणार नाही. पण संपादकाने "यात आजी जरा रागावलेली हवी, पण मनातून हसणारी" असं म्हटल्यावर तिथल्या तिथे पेन्सिलीने तीन आजी काढून दाखवणारा माणूस अजून लागतो, आणि त्याला बोलावणं येतं. पहिली दोन-तीन वर्षं मिळकत बेताची राहील असं धरूनच चला. घरच्यांशी हे आधी बोलून घ्या.

कॉलेज निवडायचं कसं, तर वार्षिक प्रदर्शनाला जा. जवळजवळ सगळीकडे ते भरतं आणि बाहेरच्यांना खुलं असतं. दर्शनी भिंतीवर शेवटच्या वर्षाची मोठी, फ्रेम केलेली कामं असतील. ती बघा, पण तिथे थांबू नका. दुसऱ्या वर्षाची हेड स्टडी, म्हणजे डोक्या-चेहऱ्याचे अभ्यास, आणि लाइफची, म्हणजे समोर बसलेल्या माणसाची, रेखाटनं शोधा. सगळ्यांच्या रेघा एकसारख्या, सरांच्या हाताच्या वाटल्या तर समजा की तिथे शैली शिकवली जाते. दहा मुलांनी त्याच म्हाताऱ्याला दहा तऱ्हांनी बघितलंय आणि तरी दहाही ठिकाणी मान धडावर नीट बसलीय असं दिसलं, तर अर्ज तिथे भरा.