नाशिककरांसाठी चेंगडू: निवांत पाहण्याचे शहर

चीनच्या सिचुआन प्रांताची राजधानी असलेल्या चेंगडूला जाण्यापूर्वी व्हिसा काढावा आणि मोबाईलवर अलीपे हे पैसे देण्याचे अ‍ॅप घरूनच सुरू करून ठेवावे, कारण तेथे लहान दुकानांतही व्यवहार बहुधा मोबाईलवरूनच होतात. ऑक्टोबरचा पहिला आठवडा राष्ट्रीय सुटीच्या गर्दीमुळे टाळावा.

१९८७ मध्ये स्थापन झालेल्या पांडा प्रजनन केंद्रात सकाळी दार उघडताच पोहोचावे. ऊन चढले की पांडा झोपी जातात. दुपार पीपल्स पार्कमधील चहागृहात घालवावी.

२०१० मध्ये युनेस्कोने खाद्यसंस्कृतीसाठी गौरवलेल्या या शहराचे तिखट नाशिकच्या मिसळीपेक्षा वेगळे आहे: मिरचीसोबत येणारी सिचुआन मिरी, जी आपल्या कोकणातल्या तिरफळाची जवळची नातलग आहे, जीभ बधिर करते. पहिल्या दिवशी बेताने खावे. शाकाहारी वाचकांनी विशेष जपावे, कारण मापो टोफूसारख्या सोया पनीरच्या पदार्थातही बहुधा खिमा असतो. वेनशू मठातील शाकाहारी भोजनालय हा त्यांच्यासाठी उत्तम पर्याय होय.

एक पूर्ण दिवस मात्र दुजियांगयानसाठी राखावा, असे मी आग्रहाने सुचवीन. इ.स.पू. २५६ च्या सुमारास ली बिंग यांच्या देखरेखीखाली उभारलेली ही सिंचनव्यवस्था धरण न बांधता मिन नदीचा प्रवाह विभागते आणि आजही शेतांना पाणी पुरवते. मोसम नदीवरील फड ही सामुदायिक सिंचन पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना दुजियांगयानची व्यवस्था अधिक जवळची वाटेल.