जुना प्लेस्टेशन व्हीआर घरी लावायचाय? आधी हॉल आवरा

पीएस४, म्हणजे प्लेस्टेशन ४ हा गेम कन्सोल, घरात अजून चालू आहे, टीव्ही आहे, आणि ओळखीतला कोणीतरी म्हणतो माझ्याकडे व्हीआर नुसता पडलाय, घेऊन जा. नाहीतर सेकंड हँडमध्ये स्वस्तात दिसतो आणि हात शिवशिवायला लागतात. मी बोलतोय ते सोनीच्या पहिल्या पीएसव्हीआरबद्दल, म्हणजे डोळ्यांवर घालायच्या व्हर्च्युअल रिॲलिटीच्या हेडसेटबद्दल, २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये आलेला तो, नंतरचा पीएसव्हीआर२ नाही. त्या नव्याचं आणि याचं काही जुळत नाही, याचे गेम त्यावर चालत नाहीत, तेव्हा घेताना नाव नीट बघा.

माझ्या आधी माझ्या हेडसेटचे दोन मालक होऊन गेले होते, आणि दोघांचं मत एकच, बकवास आहे, चित्र थरथरतं, डोकं गरगरतं. मी पण पहिल्या आठवड्यात हेच म्हणत होतो. मग कळलं की हेडसेट ठणठणीत आहे, बिघाड आमच्या हॉलमध्ये आहे. म्हणून वायरी कुठे लावायच्या ते थोडक्यात सांगतो आणि खोलीचं जरा सविस्तर.

घेताना काय बघायचं

याची दोन मॉडेल आहेत. पहिल्याचा नंबर सीयूएच-झेडव्हीआर१, दुसरं २०१७ मध्ये आलं ते झेडव्हीआर२. ओळखायची सोपी खूण म्हणजे पहिल्याच्या वायरीवर मध्येच एक छोटा रिमोट लटकतो, आवाज कमीजास्त करायचा, आणि इअरफोन त्यातच लागतात. दुसऱ्यात इअरफोन पट्ट्यालाच आहेत आणि बटणं हेडसेटच्या खाली. हेडसेटसोबत एक काळा डबा येतो, त्याला प्रोसेसर युनिट म्हणतात, आणि एका मॉडेलचा डबा दुसऱ्या मॉडेलच्या हेडसेटला चालत नाही. विकणारे लोक कधीकधी दोन सेटमधलं उरलंसुरलं एकत्र करून देतात, त्यामुळे दोन्हीवरचा नंबर जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका.

तुमचा टीव्ही एचडीआर असेल, म्हणजे उजेड आणि रंग जास्त खुलवून दाखवणारा, तर झेडव्हीआर२च घ्या. पहिल्याच्या डब्यातून एचडीआर सिग्नल पुढे जातच नाही, मग साधा गेम खेळायचा तरी दरवेळी टीव्हीच्या मागे हात घालून वायर बदलत बसायचं.

बाकी चालू करून बघा, म्हणजे खरंच चालू करून, फोटोवर जाऊ नका. हेडसेटवर ९ निळे दिवे आहेत, पुढे आणि मागे, सगळे लागतायत ना ते मोजा. लेन्सवर ओरखडे, वायर हेडसेटमध्ये शिरते तिथे मुडपलेली आहे का, डब्याचा पंखा घरघरतो का. आणि कॅमेरा, म्हणजे टीव्हीजवळ ठेवायचा, तुमची हालचाल बघणारा पीएस४ चा कॅमेरा! मूळ पॅकमध्ये कॅमेरा नव्हताच, ३९९ डॉलरला नुसता हेडसेट यायचा, त्यामुळे सेकंड हँडमध्येही बऱ्याचदा कॅमेरा गायब असतो आणि त्याच्याशिवाय हे सगळं शोभेचं आहे. मूव्ह कंट्रोलर म्हणजे ते वर गोळा असलेले दांडे, ते २०१० चे पीएस३ च्या काळातले पण चालतात, फक्त जुन्यांना मिनी यूएसबी लागते आणि नव्यांना मायक्रो. वर्षानुवर्षं पडून राहिले असतील तर बॅटरी गेलेली असू शकते, विकणाऱ्यासमोरच चार्जला लावून बघा.

पीएस५ वर पण चालतो, पीएस४ चे व्हीआर गेम त्यावर लागतात, पण कॅमेरा पीएस४ चाच लागतो आणि तो जोडायला वेगळं अ‍ॅडॅप्टर लागतं. पीएस५ चा एचडी कॅमेरा याला चालत नाही.

पीसीवाले विचारतील की ऑक्युलस रिफ्ट किंवा एचटीसी व्हाइव्ह का नको. ते पण २०१६ चेच, ५९९ आणि ७९९ डॉलरचे, आणि हालचाल पकडण्यात याच्यापेक्षा सरस आहेत हे मान्य. पण तगडा पीसी हवा, व्हाइव्हचे हालचाल पकडायचे दोन डबे खोलीच्या कोपऱ्यात उंचावर लावायला भिंतीला भोकं पाडायची, भाड्याच्या घरात घरमालकाला काय सांगणार. आणि विंडोज मिक्स्ड रिॲलिटी लिहिलेला स्वस्त हेडसेट दिसला तर मोहात पडू नका, मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटमध्ये त्याचा सपोर्टच काढून टाकलाय.

वायरी

दिसतात भयंकर, आहेत सोप्या. पीएस४ मधून टीव्हीला जाणारी एचडीएमआय वायर पीएस४ च्या बाजूने काढा आणि काळ्या डब्याच्या टीव्ही लिहिलेल्या जागी लावा. दुसरी एचडीएमआय पीएस४ पासून डब्याला. यूएसबी डब्यापासून पीएस४ च्या पुढच्या बाजूला. डब्याचा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर वेगळा आहे, म्हणजे एक्स्टेंशन बोर्डवर अजून एक जागा लागणार, ती आधीच रिकामी करा. मग हेडसेटची वायर डब्याच्या पुढच्या तोंडाला, आणि कॅमेरा पीएस४ च्या मागे त्याच्या स्वतःच्या जागी. झालं. चित्र नाही आलं तर दहात नऊ वेळा दोन एचडीएमआय उलट्या लागलेल्या असतात, मी स्वतः अर्धा तास घालवलाय त्यात.

आता खरं काम, उजेड

हा हेडसेट तुम्ही कुठे आहात हे कसं ओळखतो ते समजलं की अर्धे प्रश्न सुटतात. आत सेन्सर आहेत, ते डोकं कुठे वळलं हे सांगतात. पण तुम्ही पुढे झुकलात, खाली वाकलात, बाजूला सरकलात हे कळतं ते कॅमेऱ्याला, आणि कॅमेरा बघतो फक्त दिवे. हेडसेटचे निळे दिवे, मूव्हचा चमकणारा गोळा, साध्या कंट्रोलरची मागची पट्टी. त्यामुळे खोलीत दुसरा कुठला उजेड कॅमेऱ्याला दिसला की तो गोंधळतो, आणि तो गोंधळला की तुमच्या डोळ्यासमोरचं अख्खं जग थरथरतं.

आपल्या हॉलमध्ये काय काय असतं बघा. सोफ्यामागे खिडकी, म्हणजे कॅमेऱ्याच्या थेट समोर ऊन. बाजूला काचेचा शोकेस, त्यात टीव्हीचं प्रतिबिंब. समोर आरशाचं कपाट. चकचकीत टाइल्स. देवाच्या फोटोवर झिरोचा बल्ब. आणि दिवाळीत बाल्कनीच्या दाराला निळी माळ लावली होती आमच्याकडे, तेव्हा तर माझा उजवा हात गेममध्ये आपोआप बाल्कनीकडे उडून जात होता, दोन दिवस मला वाटलं कंट्रोलर गेला.

तर पडदे लावा, आरशावर चादर टाका, तुमच्या मागचे दिवे बंद करा. पूर्ण अंधार करायची गरज नाही, छताला एक साधा दिवा असला तरी चालतो, फक्त तो कॅमेऱ्याच्या नजरेत नको. मग सेटिंग्जमध्ये डिव्हायसेस, त्यात प्लेस्टेशन व्हीआर, तिथे ट्रॅकिंगचे दिवे जुळवायचा पर्याय आहे, तो एकदा नीट करा. पोझिशन तपासायचा पर्याय पण आहे, त्यात कॅमेऱ्याला नेमकं काय दिसतंय ते स्क्रीनवर दिसतं. तिथे तुमच्याशिवाय काहीही चमकताना दिसलं तर ते झाका.

कॅमेरा टीव्हीच्या वर ठेवा, खाली टेबलावर ठेवला तर मांडी आणि टीपॉय मध्ये येतात. आणि हलणाऱ्या जागी नको, दार आपटलं की हलणाऱ्या फळीवर ठेवला तर दार आपटलं की तुमचं जगही हलेल. बसायचं कॅमेऱ्यापासून साधारण दीड ते दोन मीटरवर. सोफा लांब असेल तर सोफ्यावर बसून खेळायचा हट्ट सोडा, जेवणाच्या टेबलाची खुर्ची पुढे ओढा.

चित्र हळूहळू एका बाजूला सरकत चाललं असेल तर हेडसेट काढून सपाट जागी ठेवून रीस्टार्ट करा, चालू होताना तो हलायला नको. नुसतं मधोमध आणायचं असेल तर ऑप्शन्सचं बटण दाबून धरायचं.

पंखा

हे वेगळं लिहितोय कारण परदेशी गाइडमध्ये हे कुणी सांगत नाही. त्यांच्याकडे हॉलमध्ये डोक्यावर पंखा गरगरत नसतो. हातात मूव्ह घेऊन हात वर केला की तुमची उंची फूटभर वाढते, आणि व्हीआरमध्ये हात वर करायला लावणारे गेम भरपूर आहेत. माझा गोळा एकदा पंख्याच्या पात्याला लागलाय, नशीब मऊ रबरासारखा असतो तो, पण बोटं नसतात ना. उभं राहून खेळायचं असेल तर छताचा पंखा बंदच, आणि मनगटाची दोरी अडकवलेली.

त्याऐवजी टेबल फॅन टीव्हीच्या खाली तुमच्याकडे तोंड करून लावा. घाम कमी येतो, लेन्सवर वाफ कमी धरते, आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे वारा कुठून येतोय त्यावरून टीव्ही कुठे आहे हे डोळे झाकलेले असतानाही कळत राहतं. नाहीतर माणूस हळूहळू फिरत जातो आणि शेवटी शोकेसला ठोसा मारतो. पायाखाली छोटं पायपुसणं टाका, पाय त्यावरून उतरले की समजायचं भरकटलोय.

घालायचा कसा

लोक टोपीसारखा वरून दाबतात, तसं नाही. मागचं बटण दाबून पट्टा ओढा, पट्टा डोक्याच्या मागे खाली, जिथे कवटी मानेकडे वळते तिथे टेकवा, मग चाक फिरवून आवळा. वजन कपाळावर यायला हवं, नाकावर नाही. ६०० ग्रॅमच्या आसपास आहे, नीट बसला तर तासभर जाणवत नाही. चष्मा असेल तर खालच्या बटणाने पुढचा भाग लांब सरकवा, हेडसेट घाला, मग हळूच जवळ आणा. चित्र धूसर दिसलं तर आधी हेडसेट वरखाली करून बघा, नेमकी जागा फार छोटी आहे. तरीही धूसर असेल तर सेटिंग्जमध्ये दोन डोळ्यांतलं अंतर मोजायचा पर्याय आहे, कॅमेरा तुमचा फोटो काढतो आणि त्यावर तुम्ही बाहुल्या दाखवायच्या. जुन्या मालकाचं माप तसंच राहिलेलं असतं म्हणून हे केलंच पाहिजे. मी केलं नव्हतं.

एसी लावला असेल तर गार लेन्सवर गरम चेहऱ्याची वाफ धरते, पाच मिनिटं घालून बसा, लेन्स गरम झाली की जाते. पुसायला फक्त कोरडं मायक्रोफायबर, कोलिन बिलिन लेन्सच्या जवळ पण आणू नका.

गाडी लागते तसं होतं

ज्यांना घाटात एसटी लागते त्यांना हे लागणारच, कारण भानगड तीच आहे, फक्त उलटी. एसटीत पुस्तक वाचताना शरीर हलतं आणि डोळे म्हणतात हलत नाहीये. इथे डोळे म्हणतात धावतोय आणि कानातला तोल सांभाळणारा भाग म्हणतो कसला धावतोय, खुर्चीत बसलायस. म्हणून पहिल्या दिवशी डोळ्यासमोरचं दृश्य स्वतःहून पळतं असे गेम लावू नका. रेसिंग, बंदूक घेऊन पळापळ, हे सगळं नंतर. भरपेट जेवून तर नाहीच. दहा मिनिटं खेळा आणि कानशिलावर घाम, तोंडाला पाणी, जांभया असं काही सुरू झालं की त्याच क्षणी काढा. अजून एक लेव्हल म्हणून रेटलं तर संध्याकाळ गेली, आणि पुढच्या वेळी नुसता हेडसेटचा वास आला तरी मळमळतं, हे खरंय. वळायला झटक्याने वळायचा पर्याय असेल तर तोच ठेवा, सलग वळणं जास्त त्रास देतं.

सुरुवातीला माझ्या मते ॲस्ट्रो बॉट रेस्क्यू मिशन. २०१८ चा आहे, मूव्ह लागत नाहीत, साधा कंट्रोलर पुरतो, आणि बसून खेळता येतो. रेसिडेंट इव्हिल ७ अख्खा व्हीआरमध्ये खेळता येतो, पण तो रात्री एकट्याने पहिल्यांदा लावणाऱ्याचं काय होतं ते मी बघितलंय. घरच्यांसाठी कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स, एकाने हेडसेट घालून बॉम्ब बघायचा आणि बाकीच्यांनी माहितीपुस्तिका वाचून त्याला कुठली वायर कापायची ते सांगायचं. आमच्या आईने पुस्तिका हातात घेतली तेव्हा इतकं मोठ्याने वाचत होती की शेजारचे येऊन गेले. मुलांना १२ वर्षांखाली देऊ नये असं सोनीच सांगते, तेवढं पाळा.

सिनेमा

यासाठीच कित्येक जण घेतात आणि इथेच निराश होतात. सिनेमॅटिक मोडमध्ये कुठलाही साधा गेम किंवा सिनेमा मोठ्या पडद्यावर दिसतो, छोटा ११७ इंच, मधला १६३, मोठा २२६. ऐकायला भारी. पण आतला पडदा सगळा मिळून १९२० बाय १०८०, तो दोन डोळ्यांत वाटला की एका डोळ्याला ९६० बाय १०८०, आणि त्यातल्याही मधल्या तुकड्यात सिनेमा. म्हणजे पडदा थिएटरचा आणि प्रिंट जुन्या डीव्हीडीची. २२६ वर पूर्ण पडदा बघायला मान फिरवावी लागते, सबटायटल वाचताना तर वैताग. मधल्या साइजवर ठेवा. पाठीवर पडून बघायचं असेल तर छोटा, तो डोक्याबरोबर फिरतो.

एक गोष्ट मात्र हा झकास करतो, थ्रीडी ब्लू-रे. २०१७ च्या ४.५० अपडेटपासून पीएस४ ती डिस्क हेडसेटमध्ये थ्रीडी दाखवतो. थ्रीडी टीव्ही आता कोणी बनवत नाही, चष्म्याने थिएटरात अंधारलेलं दिसतं, इथे दोन्ही डोळ्यांना स्वतंत्र चित्र असल्यामुळे तसलं काही नाही. डिस्क मात्र शोधाव्या लागतात.

ठेवताना

लेन्सवर ऊन पडू देऊ नका, दोन मिनिटंसुद्धा. लेन्स म्हणजे भिंगच, लहानपणी कागद जाळायचो तसा आतला पडदा जळतो आणि पिवळा ठिपका कायमचा राहतो. खिडकीजवळच्या टेबलावर ठेवायचाच झाला तर लेन्स खाली करून, वर कापड टाकून. वायर हेडसेटला गुंडाळू नका, वेगळी सैल वेटोळी करून ठेवा. पावसाळ्यात कोकणात मुंबईत राहत असाल तर हेडसेट ठेवता त्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, नाहीतर कॅमेऱ्याच्या लेन्सला धरते तशी बुरशी यालाही धरते, आणि दर पंधरा दिवसांनी मूव्ह थोडे चार्ज करा.