सरावाच्या एईडीवर शिकवताना या चुका टाळा

एईडी म्हणजे बंद पडलेल्या माणसाच्या हृदयाचा ठेका तपासून, गरज असेल तर विजेचा झटका (शॉक) द्यायचं यंत्र. सरावाचा एईडी खऱ्यासारखाच दिसतो आणि खऱ्यासारखाच बोलतो, फक्त त्यातून झटका बसत नाही. समोर सरावासाठी ठेवलेल्या पुतळ्याचं तो काही तपासतही नाही. शिकवणाऱ्याने रिमोटवर किंवा बटणावर जो प्रसंग निवडला असेल, त्याप्रमाणे सूचना देत जातो. ‘शॉक द्या’ म्हणायचं की ‘शॉकची गरज नाही’, दोन तपासण्यांच्या मधे किती वेळ सोडायचा, हे सगळं शिकवणारा ठरवतो. म्हणूनच या यंत्रावरच्या बऱ्याचशा चुका शिकणाऱ्याच्या नसतात. वर्ग वेळेत उरकावा, सगळ्यांना ‘जमलं’ असं वाटावं म्हणून आपण ज्या सोयी करून घेतो, त्याच त्याच्या अंगवळणी पडतात आणि खऱ्या प्रसंगी नडतात.

हृदय बंद पडलेल्या माणसाला काहीच मदत मिळाली नाही, तर त्याची वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. संध्याकाळच्या गर्दीत बिंदू चौकातून गाडी काढायला किती वेळ लागतो हे कोल्हापूरकराला सांगायला नको. १०८ची रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत जे काही होणार आहे, ते जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातांनीच होणार आहे.

यंत्र आलं की हात थांबतात

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एकजण चांगली छाती दाबत असतो. दुसरा यंत्र घेऊन येतो, झाकण उघडतो, आणि दोघंही यंत्राकडे बघत राहतात. पाकीट फाडायचं, छातीवर चिकटवायच्या पॅडमागचं प्लास्टिक सोलायचं, चित्र बघून जागा शोधायची, वायर खोचायची, यात अर्धा मिनिट सहज जातो. तेवढा वेळ मेंदूकडे रक्त जात नाही.

दाबणाऱ्याने थांबायचं ते फक्त यंत्राने ‘रुग्णाला हात लावू नका, तपासणी सुरू आहे’ असं सांगितल्यावर. तोवर पॅड लावणाऱ्याने त्याच्या हातांच्या बाजूने वाट काढायची. हे तोंडी सांगून जमत नाही, करून घ्यावं लागतं. मोबाईलवर स्टॉपवॉच लावा आणि फक्त थांबलेला वेळ मोजा. कुठलाही खंड १० सेकंदांच्या वर जाता कामा नये. पॅड किती सुबक लागले यापेक्षा मी या आकड्याकडे आधी बघतो.

शॉक बसल्यानंतरचा क्षण तर आणखी फसवा. बटण दाबलं, यंत्र म्हणालं ‘शॉक दिला’, की सगळे पुतळ्याच्या तोंडाकडे बघायला लागतात. कुणी नाडी शोधतं, कुणी गालावर थापटतं. शॉकने ठोके ताळ्यावर आले तरी हृदयाला पुरेसं रक्त ढकलायला काही वेळ लागतो, म्हणून शॉकनंतर लगेच पुन्हा दाबायला सुरुवात करायची. माणूस हलायला लागला, नीट श्वास घ्यायला लागला, तरच थांबायचं. तेव्हाही पॅड काढायचे नाहीत आणि यंत्र बंद करायचं नाही, कारण हृदय पुन्हा बंद पडू शकतं.

दाबण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण यंत्राच्या नादात तेच मागे पडतं. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटीमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि प्रत्येक वेळी पूर्ण वर आली पाहिजे. तालमीतल्या पोरांना शिकवताना ताकद कधीच कमी पडत नाही, अडचण वेगळीच असते. पैलवान दंडाच्या जोरावर दाबतो, कोपरं वाकवतो, आणि खाली गेल्यावर अंगाचा भार तिथेच ठेवतो. छाती वर येत नाही, मग हृदयात रक्तही परत भरत नाही. कोपरं ताठ, खांदे थेट हातांच्या वर, भार कमरेपासून पुढे टाकायचा, हे त्याला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. ‘मी दमलो नाही’ म्हणाला तरी दर दोन मिनिटांनी, यंत्र तपासणी करत असताना, माणूस बदला. दमल्याचं स्वतःला जाणवण्याआधीच दाब उथळ व्हायला लागलेला असतो.

मोजण्याचीही एक अडचण आहे. तीस दाब आणि दोन श्वास असं चक्र शिकवलं की पोरं मोठ्याने एकपासून तीसपर्यंत मोजतात. दहापर्यंत वेग बरोबर असतो. पुढे आकडे लांबत जातात आणि ‘सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस’ येईपर्यंत हात मंदावलेले असतात. तीनदा दहापर्यंत मोजायला लावा. तीस दाब १५ ते १८ सेकंदांत झाले तर वेग बरोबर आहे. यंत्रात ठेक्याचा आवाज असेल तर सुरुवातीला तो चालू ठेवा, नंतर बंद करून बघा.

आणि दोन तपासण्यांमधली दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटंच. पुष्कळ सरावयंत्रांत हा काळ कमी करायची सोय असते. रांग मोठी असली की तो मोह होतो. पण अर्ध्या मिनिटाच्या चक्रावर शिकलेल्या माणसाला खरी दोन मिनिटं संपता संपत नाहीत. त्याला वाटतं यंत्र बिघडलं, आणि तो बटणं दाबायला लागतो. प्रत्येकाला निदान एकदा तरी पूर्ण वेळ करायला लावा, मग भले बॅच लहान घ्यावी लागली तरी चालेल.

प्रत्येक वेळी शॉकच

यंत्र सुरू केलं की बहुतेक वेळा पहिला प्रसंग ‘शॉक द्या’ हाच येतो, आणि शिकवणारा तोच सगळ्यांना देतो. बटण दाबायला मिळालं की शिकणाराही खूष. मग एखाद्या वेळी यंत्र ‘शॉकची गरज नाही’ म्हणालं की वर्गात हमखास कुणीतरी म्हणतं, “म्हणजे बरा झाला की.”

हा गैरसमज जीव घेऊ शकतो. सिनेमात पडद्यावर सरळ रेघ आली की शॉक देतात. प्रत्यक्षात त्या अवस्थेत शॉकचा उपयोग नसतो. हृदयाचे खालचे कप्पे वेडेवाकडे थरथरत असतील किंवा नाडी न लागण्याइतके भरधाव धडकत असतील, तेव्हाच शॉक कामाचा. तो ती गडबड थांबवतो आणि हृदयाला आपला ठेका पुन्हा धरायची संधी देतो. पूर्ण शांत झालेल्या हृदयावर यंत्र ‘शॉकची गरज नाही’ असंच सांगणार. त्याचा अर्थ एवढाच की आता सगळी भिस्त दाबण्यावर आहे. म्हणून प्रसंग बदलत राहा: कधी पहिल्यापासून शॉक नाही, कधी एक शॉक आणि नंतर नाही, कधी ‘पॅड तपासा’. पुढे काय होणार हे शिकणाऱ्याला आधी सांगू नका.

यंत्र लावायचं कुणाला, हेही याच टप्प्यावर पक्कं करून घ्या. छातीत कळ येऊन घामाघूम झालेला पण बोलणारा माणूस असेल, तर त्याला पॅड लावायचे नाहीत. १०८ला फोन करायचा आणि त्याच्याजवळ थांबायचं. जो हाक मारून, हलवून उठत नाही आणि ज्याचा श्वास नीट चालत नाही, त्याच्यासाठी हे यंत्र. इथे पुतळा एक गोष्ट शिकवू शकत नाही: हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं माणूस मधेच आचके दिल्यासारखा, घोरल्यासारखा आवाज करू शकतो. लोक म्हणतात, श्वास चाललाय, थांबा. तो श्वास नव्हे. शिकवणाऱ्याने स्वतः जमिनीवर पडून तो आवाज काढून दाखवावा, संकोच करू नये.

उघडा, कोरडा, पुरुषी पुतळा

वर्गातला पुतळा कोरडा असतो, उघडा असतो, छातीवर केस नसतात. आपल्या गावात असा माणूस सापडणं अवघड. तालमीच्या हौद्यातला पैलवान घामाने, तेलाने आणि तांबड्या मातीने माखलेला असतो. त्या छातीवर पॅड धरतच नाही. रंकाळ्यात किंवा पंचगंगेत बुडालेल्याला आधी पाण्याबाहेर काढून छाती कोरडी पुसावी लागते, आणि बुडालेल्याला तोंडाने श्वास देणं जास्त महत्त्वाचं असतं. शाहू स्टेडियमवर चेंडू छातीवर जोरात बसून एखादा तरणा खेळाडू कोसळू शकतो; क्वचित घडतं, पण अशा वेळी हृदय थरथरत असतं आणि लवकर मिळालेला शॉक त्याला वाचवू शकतो. त्याच्या अंगात घट्ट, भिजलेली जर्सी असते.

म्हणून पुतळ्याला कपडे घाला. जुना शर्ट, बनियन, एखादी जर्सी. जवळ कात्री आणि पंचा ठेवा. थोडं पाणी शिंपडा आणि पुसायला लावा. केस फार असतील तर पॅडच्या जागेपुरते वस्तऱ्याने काढायचे, हेही बोलून घ्या.

आणि पुतळ्याला साडी-ब्लाऊज नक्की घाला. भर रस्त्यात बाई कोसळली तर मदत करणारा पुरुष कचरतो, बघणारे कुजबुजतात, आणि मिनिटं निघून जातात. बायकांना अनोळखी माणसाकडून छाती दाबणं आणि एईडी दोन्ही कमी वेळा मिळतं, हे बऱ्याच अभ्यासांत दिसून आलेलं आहे. हा संकोच वर्गातच मोडला पाहिजे. पदर बाजूला करायचा, ब्लाऊज पुढून उघडायचा किंवा कापायचा, आतले कपडे पॅडच्या जागेवरून सरकवले तरी पुरतं. मंगळसूत्र काढत बसायचं नाही, पॅडच्या वाटेतून बाजूला करायचं. दोन बायकांना ओढणी किंवा चादर धरून आडोसा करायला सांगायचं. बचत गटाच्या वर्गात मी हा सराव सगळ्यात आधी घेतो, आणि त्यांना तो सगळ्यात जास्त जमतो.

पॅडची जागा: एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरा डाव्या काखेखाली बरगड्यांच्या बाजूला. दुसरा पॅड नेहमी फार पुढे, जवळजवळ छातीच्या मध्यावर लागतो. कारण साधं आहे. सरावाचा पुतळा नुसता धडाचा असतो, त्याची बाजू चपटी असते आणि त्याला हातच नसतात, मग काख कुठली? स्वतःच्या काखेला हात लावून दाखवा. डावा-उजवा पॅड अदलाबदल झाला तर सोलून पुन्हा लावू नका, तसाच चालतो. त्वचेखाली पेसमेकरचा उंचवटा दिसला तर पॅड त्याच्यावर नको, थोडा बाजूला. आठ वर्षांखालच्या लेकराला लहान मुलांचे पॅड. ते नसतील तर मोठ्यांचेच, एक छातीवर आणि एक पाठीवर, एकमेकांना न चिकटता.

सूचना कुणाला, कुठल्या शब्दांत

छाती दाबून, श्वास देऊन माणसाला वाचवण्याला इंग्रजीत ‘सीपीआर’ म्हणतात. पण कोल्हापुरात ‘सीपीआर, सीपीआर’ असं ओरडलं तर निम्मे लोक रिक्षा थांबवायला धावतील, कारण इथे सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, थोरला दवाखाना. सराव करताना ‘छाती दाब’ असंच म्हणायची सवय लावा. काम सांगतानाही बोट दाखवून माणूस नेमा: “निळा शर्ट, १०८ला फोन लावा, स्पीकर चालू ठेवा. दादा, तुम्ही मशीन आणा.” ‘कुणीतरी फोन करा’ म्हटलं की कुणीच करत नाही.

यंत्र बोलत असताना शिकवणाऱ्याने बोलू नये. आपण तेच वाक्य मराठीत समजावत बसतो आणि शिकणारा यंत्राऐवजी आपल्याकडे बघायला शिकतो. सूचना इंग्रजीत किंवा हिंदीत असतील तर वर्गाच्या सुरुवातीला एकदा यंत्र नुसतंच ऐकवा, प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगा, आणि मग गप्प बसा. ‘लांब व्हा’ म्हणताना नुसतं ओरडून भागत नाही. डोक्यापासून पायापर्यंत नजर फिरवून, कुणाचा हात लागलेला नाही हे बघूनच बटण. काही यंत्रं शॉक आपोआप देतात, त्यांना बटण नसतं. दोन्ही प्रकार असतात एवढं तरी सांगाच.

यंत्रच चालेना तेव्हा

‘पॅड जोडा’ हे एकच वाक्य यंत्र सारखं म्हणत असेल तर वायरचं टोक पूर्ण आत गेलेलं नसतं. पुन्हा काढून दाबून खोचा. तरीही तेच, तर वायर मुडपलेल्या जागी तुटलेली असण्याची शक्यता जास्त. पॅड गुंडाळून पिशवीत कोंबण्याचा तो परिणाम. आवाज खोल गेला, यंत्र मधेच पहिल्यापासून सुरू झालं, रिमोट ऐकेनासा झाला, तर आधी दोन्हीकडचे सेल बदला, सगळे एकदम, जुने-नवे मिसळू नका. पावसाळ्यात वर्ग बंद असले तर सेल काढूनच ठेवा. इथल्या दमट हवेत ते गळतात आणि आतल्या पट्ट्या गंजतात.

पॅड चिकटेनासे झाले की लोक वर सेलोटेप लावतात. नको. वापर झाला की मूळच्या प्लास्टिकवर परत चिकटवा, धूळ लागू देऊ नका, आणि पुतळ्याची छाती प्रत्येक बॅचनंतर पुसून पूर्ण वाळू द्या. अगदीच गेले तर नवा जोड घ्या. सराव पॅड खर्चाची बाब आहेच, तो वर्गाच्या हिशेबात आधीच धरा.

आता सगळ्यात गंभीर चूक. सरावाचं आणि खरं यंत्र एकाच कपाटात ठेवू नका. काही सराव पॅडची वायर खऱ्या यंत्रात बसते, पण त्यातून रुग्णाला शॉक मिळत नाही. सरावाच्या यंत्रावर, त्याच्या पेटीवर आणि प्रत्येक पॅडवर ठळक मराठीत ‘फक्त सराव’ लिहा, आणि वर्ग संपल्यावर ते इमारतीत न ठेवता सोबत घेऊन जा. धावत आलेला माणूस लेबल वाचत नाही, हाताला लागेल ते उचलतो.

वर्ग संपला की लोक विचारतात, “आपल्याकडं खरं मशीन कुठं हाय?” तेव्हाच सगळ्यांना घेऊन त्या यंत्रापर्यंत चालत जा. दिवा हिरवा आहे का, पॅडच्या पाकिटावरची मुदत उलटली नाही ना, सोबत कात्री, पंचा आणि वस्तरा आहे का, हे त्यांच्याकडूनच बघून घ्या. कपाटाला कुलूप असेल तर किल्ली रात्रपाळीला कुणाकडे असते ते विचारा. नाव कुणालाच सांगता आलं नाही तर त्याच दिवशी व्यवस्थापकाला भेटून ते कुलूप काढायला लावा. आणि दोन-तीन महिन्यांनी, पूर्ण वर्ग नाही तरी दहा मिनिटांची उजळणी घ्यायची तारीख तिथेच ठरवून टाका. हाताचा सराव काही महिन्यांतच सुटतो.